गळ, गांडूळ आणि वऱ्हाडची माती

गोड्या पाण्यातील मासा गळाने धरावयाचा तर त्या गळाला काय लावावे, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ आणि फुरसतीचा वाटतो. परंतु अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतील नद्या, तळी, धरणे आणि त्यांच्या काठची माती नजरेसमोर ठेवून त्याचा विचार करू लागले, की मत्स्यविद्या, कृषिविद्या, कायदा आणि नीती या सर्वांचे धागे त्यात गुंतलेले दिसू लागतात. जिवंत गांडूळ हे आपल्याकडील पाण्यात उत्तम आमिष आहे, याविषयी मला शंका नाही. मात्र ते गळाला कसे ओवावे, याचीच चर्चा नदीकाठी होत असते. ते कोठून आणावे आणि संध्याकाळी उरलेले कोठे टाकावे, या दोन प्रश्नांकडे सहसा कोणी वळत नाही, आणि माझ्या मते वऱ्हाडापुरते तरी हेच दोन प्रश्न सर्वांत मोठे आहेत.

प्रथम पाण्याची मांडणी ध्यानात घेतली पाहिजे. अमरावती जिल्हा दोन महान खोऱ्यांच्या जलविभाजकावर बसलेला आहे. पूर्वेची सीमा आखणारी वर्धा नदी आपले पाणी अखेर गोदावरीला नेऊन देते. तर सातपुड्याच्या गाविलगड रांगेत बैतूल जिल्ह्यात उगम पावणारी पूर्णा अमरावती, अकोला, बुलढाणा असा पश्चिमेचा प्रवास करून तापीला मिळते. शहानूर, चंद्रभागा, सापन, पेढी, काटेपूर्णा, मोर्णा, निर्गुणा, मन या सर्व पूर्णेच्याच परिवारातील. आणि मेळघाटातील सिपना, गडगा, खापरा, डोलार ह्या डोंगरातूनच तापीकडे वळणाऱ्या. यांपैकी बहुतेक नद्या पावसाळी होत. होळीच्या सुमारास त्यांची धार तुटते आणि पात्रात ठिकठिकाणी डोह तेवढे उरतात. त्या डोहांतच पुढील पावसापर्यंत मासा तग धरून राहतो. त्यामुळे बारमाही पाण्याचा आधार म्हणजे धरणे: मोर्शीजवळ सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणाचा नल-दमयंती सागर, अकोला शहराला पाणी पाजणारे महान येथील काटेपूर्णा धरण, वारी येथील वान नदीवरील हनुमान सागर, विश्रोळीचे पूर्णा धरण, आणि अमरावती शहराच्या कुशीतील वडाळी व छत्री हे जुने तलाव.

या पाण्यावर वंशपरंपरा उपजीविका करणारे लोक म्हणजे भोई आणि ढीवर. जाळे हे त्यांचे मुख्य साधन. गळ हे दुय्यम. जाळ्याला डोंगा, माणसे आणि भांडवल लागते. गळाला बांबूची एक काठी, वावभर दोरी, शिशाचा एक तुकडा आणि तरंगता राहील असा ज्वारीच्या धांड्याचा एक कांडका एवढे पुरते. म्हणून गळ हा पाण्याकाठच्या गरिबाचा, मजुरी न मिळालेल्या दिवसाचा आणि शाळेतून सुटलेल्या मुलाचा राहिला. एका लांब दोरीला हात-दीड हाताच्या अंतराने अनेक गळ बांधून, त्या सर्वांना गांडुळे ओवून, ती दोरी रात्रभर पाण्यात सोडून देण्याची रीतही आहे; पहाटे ती ओढली म्हणजे वाम आणि शिंगाडा हे निशाचर मासे तिला लागलेले सापडतात. त्यात एका रात्रीला ओंजळभर गांडुळे खर्ची पडतात. तेव्हा गांडुळांची खरी मागणी हौशी माणसाच्या एकट्या काठीपेक्षा या रात्रीच्या दोरीची असते.

गळ आणि आमिष यांचे ज्ञान आपल्या देशात जुने आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरणच असून त्यात माशांच्या जाती, त्यांना चारावयाची खाद्ये आणि गळ टाकण्याची रीत यांचे वर्णन आहे. थोर मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्याचा शास्त्रीय परामर्श घेतला, आणि आठशे वर्षांपूर्वीच्या दरबारी विनोदातील निरीक्षण किती सूक्ष्म होते, हे विद्वानांच्या नजरेस आणून दिले. इंग्रजी अमदानीत हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकाऱ्याने १८७३ मध्ये हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि पुढे दोन-चार वर्षांतच फ्रान्सिस डे यांचा हिंदुस्थानातील माशांवरील महाग्रंथ प्रसिद्ध होऊ लागला. परंतु अध्यात्माच्या वाटेने ह्याच विषयाला जे स्थान मिळाले, ते मला अधिक विचार करण्याजोगे वाटते. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले, आणि संत एकनाथांनी ज्यांचे विस्ताराने विवरण केले, त्यांत मासा आहे. रसनेच्या लोभाने तो गळाला लागतो आणि प्राणाला मुकतो, हा त्याचा धडा. त्या यादीत अजगर आहे, भ्रमर आहे, कोळी आहे, कुंभारीण माशी आहे. गळावर ज्याचा जीव माशाच्याही आधी गेला त्या गांडुळाचा मात्र तेथे उल्लेख नाही. माशाचा लोभ विचारवंतांना दिसला. आमिषाचे मरण कोणाच्या विचाराचा विषय झाले नाही.

आता गांडूळच का, याचा शास्त्रीय विचार. माशाला अन्नाचा सुगावा तीन मार्गांनी लागतो: डोळ्यांनी, अंगाच्या दोन्ही बाजूंनी गेलेल्या पार्श्वरेखेला जाणवणाऱ्या पाण्यातील कंपनांनी, आणि पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्यांच्या वासाने व रुचीने. गांडूळ या तिन्ही इंद्रियांना एकाच वेळी आवाहन करते. ते वळवळते म्हणून दिसते; वळवळते म्हणूनच पाण्यात कंप उठवते; आणि गळाने विंधलेल्या त्याच्या अंगातून अमिनो आम्ले पाझरतात, ज्यांच्याविषयी माशांची घ्राणेंद्रिये अत्यंत तीक्ष्ण असतात. मिशा असलेल्या बिनखवल्यांच्या माशांत तर ही संवेदना कमालीची वाढलेली आहे. त्यांच्या मिशांवरच नव्हे, सर्वांगावर रुचिकलिका विखुरलेल्या असतात, म्हणजे मासा आपल्या त्वचेनेच चव घेत चिखलातून पुढे सरकत असतो. म्हणून पावसाळ्यातील गढूळ पूर्णेत, जेथे डोळ्यांचा काही उपयोग नाही, तेथे टेंगडा, शिंगाडा आणि मागूर हे गांडुळापर्यंत अचूक येऊन पोचतात. पाण्यात गेल्यावर जे वळवळत राहते तेच गांडूळ कामाचे, मेलेल्याला मासा विचारत नाही, असे जाणते भोई नव्या पोरांना सांगतात, ते या मिशीच्या माशांपुरते सर्वस्वी खरे नाही, कारण त्यांना मेलेल्याचाही वास पुरतो. परंतु डोळ्यांवर भिस्त ठेवणाऱ्या मरळीच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. तो लक्षात न आल्याने आमिषाविषयीचे बरेच वाद निष्कारण वाढतात. आपल्या नद्यांतील मूळचे रहिवासी, म्हणजे मरळ, वाम, मागूर, टेंगडा, शिंगाडा, हे मांसाहारी किंवा मिश्राहारी आहेत, आणि पुरात काठाची माती ढासळून पाण्यात पडणारी गांडुळे हे त्यांचे नैसर्गिक अन्नच आहे. परंतु आज धरणांतून जो मासा सर्वाधिक निघतो तो कतला, रोहू आणि मृगळ या तीन जातींचा. आणि या जाती मूळच्या उत्तरेकडील गंगेसारख्या नद्यांच्या. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे अंतःक्षेपण करून या माशांचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले, आणि तेव्हापासून माशांचे बीज पाहिजे त्या जलाशयात पाहिजे तितके सोडणे शक्य झाले. ह्या शोधाचा परिणाम महानच्या किंवा सिंभोऱ्याच्या काठी गळ घेऊन बसलेल्या माणसाच्या आमिषापर्यंत येऊन पोचला आहे. कतला पृष्ठभागाजवळ राहून पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून खातो, त्याला गांडुळाचे अगत्य नाही. रोहू वनस्पती आणि कुजका पाचोळा चरतो. मृगळ तळाचा गाळ चाळतो. या दोघांनी कधी गांडूळ घेतले तरी त्यांना खरे वळण कणकेच्या गोळ्याचे, ज्वारीच्या पिठाच्या उंड्याचे आणि ढेपेच्या वासाचे. म्हणून एका पिढीने गांडुळाचे गुणगान करावे आणि दुसरीने ढेपेचे, यात विरोध मुळीच नाही. पहिली पिढी नदीच्या माशाविषयी बोलते, दुसरी धरणाच्या. आफ्रिकेतून आलेला तिलापिया तेवढा दोन्ही पक्षांना सारखाच वश आहे.

ढेप, कणीक, शिजवलेला भात यांचे गुण उघड आहेत: त्या सुलभ आहेत, त्यांत जीवहत्या नाही आणि घरच्या कोठारातून त्या निघतात. कापसाच्या या मुलुखात सरकीच्या ढेपेला तोटा नाही. टोळ, बेडकाचे पिल्लू, झिंगा ही मरळीची आमिषे. पैकी बेडकाविषयी इतकेच म्हणतो, की शेतातील किडीचा तो मोठा शत्रू असल्याने त्याला गळाला लावणे हे शेतकऱ्याच्या मुलाला शोभणारे नाही.

गांडुळाचे खरे घर आता पाहू. वऱ्हाडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पाडून फाटते. गांडूळ त्वचेने श्वास घेते, आणि ती त्वचा ओली असेल तोवरच. माती सुकू लागली की ते खोल उतरते, अंगाची गुंडाळी करते आणि पावसाची वाट पाहत निश्चेष्ट पडून राहते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर चढलेला असताना वावरात खणून गांडूळ शोधणे व्यर्थ होय. त्यातही पूर्णेच्या दोन्ही तीरांवर पसरलेला खारपाणपट्टा हा गांडुळाचा आणखी मोठा वैरी, कारण क्षारयुक्त मातीत त्याच्या उघड्या त्वचेतून ओलावा टिकत नाही. परिणामी आपल्याकडे गांडुळांची वस्ती सर्वत्र सारखी नाही. जेथे माणसाने ओल राखली आहे तेथे ती गोळा झाली आहे. गुरांच्या कोठ्यामागचा ओलसर कोपरा, न्हाणीच्या मोरीची कड, मुरलेला उकिरडा. वरूड, मोर्शी, अचलपूर या भागांतील संत्र्याची आळी. अकोट-अंजनगावकडील केळीच्या बागा. आणि सर्वांत समृद्ध म्हणजे अंजनगाव सुर्जीचे पानमळे, जेथे वेलींना बाराही महिने सावली आणि पाणी दिले जाते. गळवाला या ठिकाणीच कुदळ घेऊन जातो. आणि येथेच माझी पहिली हरकत सुरू होते.

कारण शेतातील गांडूळ हा शेताचा कामकरी आहे. चार्ल्स डार्विनने आपल्या आयुष्याच्या अखेरीस, १८८१ मध्ये, गांडुळांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात इंग्लंडच्या पुष्कळ भागांत दर एकरी दरसाल दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाऊन वर येते असा हिशेब त्याने मांडला. काळ्या मातीत गांडुळांची बिळे म्हणजे पाणी मुरण्याचे आणि हवा खेळण्याचे मार्ग. ते बुजले की पहिल्या जोरदार पावसात धुऱ्यावरून माती वाहून जाते. कापसाच्या आणि संत्र्याच्या शेतीत वर्षानुवर्षे जी कीटकनाशके ओतली गेली, त्यांपैकी कार्बोफ्युरानसारखी काही गांडुळांना अत्यंत घातक आहेत. जो जीव औषधाने आधीच विरळ झाला आहे, त्याला माशासाठी कुदळीने उकरून काढावे, आणि तेही दुसऱ्याच्या बागेतून, हे मला समर्थनीय वाटत नाही. आळे खणताना संत्र्याची बारीक मुळे तुटतात, ते नुकसान वेगळेच.

गांडुळे काढण्याच्या रीतींचा थोडक्यात परामर्श घेणे येथे प्राप्त आहे. कुदळीने खणणे ही सर्वमान्य रीत. मोहरीचे पीठ कालवलेले पाणी जमिनीवर ओतून त्यांना वर आणणे ही दुसरी. तिसरी रीत आपल्याकडे नाही, परंतु ती इतकी विलक्षण आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतात सॉपचॉपी नावाच्या गावी लोक जमिनीत एक लाकडी खुंट ठोकतात आणि त्यावर लोखंडी पट्टी घासतात. त्या घरघरीने शेकडो गांडुळे काही मिनिटांत पृष्ठभागावर धाव घेतात, आणि आमिष म्हणून विकली जातात. केनेथ कटानिया या शास्त्रज्ञाने २००८ मध्ये दाखवून दिले की तो कंप जमिनीखाली गांडुळे खात फिरणाऱ्या मोल नावाच्या प्राण्याच्या खणण्यासारखा असतो, आणि शत्रू आला या समजुतीने ती वर पळतात. डार्विननेही गांडुळांच्या कुंड्या पियानोवर ठेवून पाहिल्या होत्या: हवेतील आवाज त्यांना मुळीच ऐकू येत नाही, पण वाद्याच्या लाकडातून कंप पोचताच ती बिळात शिरतात, असे त्याला आढळले. चौथी रीत म्हणजे विजेच्या तारा जमिनीत खोचून गांडुळांना वर काढणे. हिची वाच्यता मी केवळ निषेधासाठी करतो. अमेरिकेत अशा उपकरणांनी माणसांचे जीव गेले आणि अखेर ती बाजारातून परत घ्यावी लागली. ओल्या वावरात पंपाची वीज हाताशी असलेल्या आपल्या तरुणांनी हा मार्ग कल्पनेतही आणू नये.

काढलेले गांडूळ जिवंत आणि चपळ राखणे ही स्वतंत्र विद्या आहे. आयझॅक वॉल्टन या इंग्रज लेखकाने १६५३ मध्येच सांगून ठेवले की गांडुळे ओल्या शेवाळात काही दिवस ठेवावी म्हणजे त्यांच्या पोटातील माती निघून जाऊन ती चिवट आणि तेजस्वी होतात. आपल्याकडे शेवाळाची जागा ओले गोणपाट, केळीच्या खोडाचे साल आणि मुरलेले शेणखत घेऊ शकते. भांडे मातीचे असावे, त्याला हवा लागावी, आणि उन्हाचा कवडसाही त्यावर पडू नये. पत्र्याच्या डब्यात दुपारपर्यंत ठेवलेली गांडुळे वऱ्हाडी उन्हात शिजून निघतात. ओवताना सबंध गांडूळ माळेसारखे गळावर चढवून शेपटाकडची दोन बोटे मोकळी सोडावी; मध्येच एकदा टोचून दोन्ही टोके लोंबत ठेवली तर वळवळ अधिक होते खरी, परंतु बारीक मासे ती टोके कुरतडून नेतात. सांडपाण्याच्या नाल्याकाठची गांडुळे घेऊ नयेत, आणि कोठेही खणले तरी हात साबणाने धुतल्याविना भाकरीला हात लावू नये. उंदरांच्या मूत्रातून ओल्या मातीत उतरणारा लेप्टोस्पायरोसिस हा जीवघेणा आजार आहे.

शेतातून न काढता गांडूळ मिळवण्याचा मार्ग गेल्या काही दशकांत गांडूळखताने उघडला. अकोल्याला १९६९ मध्ये स्थापन झालेल्या, आणि अमरावती जिल्ह्यातील पापळचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव धारण करणाऱ्या कृषी विद्यापीठाच्या परिसरात, तसेच गावोगावच्या शेतांत, छपराखालचे गांडूळखताचे वाफे आता परिचयाचे झाले आहेत. या वाफ्यांत बहुधा दोन परदेशी जाती असतात: युरोपातून आलेली आयसेनिया फेटिडा आणि आफ्रिकेतून आलेली युड्रिलस युजेनी. दोन्ही शेण आणि पाचोळा यांवर भराभर वाढतात. आयसेनिया डिवचली की पिवळसर, उग्र वासाचा द्रव सोडते, तरीही जुन्या इंग्रज मासेमारांनी उकिरड्यावरच्या ह्याच पट्टेदार गांडुळाला मान दिलेला आहे. युड्रिलस लांब, जाड आणि चपळ असल्याने गळाला ओवण्यास अधिक सोयीची. वाफ्यावर ओले गोणपाट आणि डोईवर गवताचे छप्पर असले म्हणजे ही गांडुळे वऱ्हाडच्या उन्हाळ्यातही तग धरतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत, नद्यांचे डोह आटत आलेले असताना, वावरातील गांडूळ दुर्मिळ असते.

परंतु वऱ्हाडातच या परदेशी गांडुळांविरुद्ध सर्वांत प्रखर आवाज उठला, हेही नमूद करणे न्यायाचे होईल. अमरावती जिल्ह्यातील बेलोरा येथील सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी आपल्या नैसर्गिक शेतीच्या प्रचारात सातत्याने असे प्रतिपादन केले की आयसेनिया हे जमिनीचे खरे गांडूळ नव्हे. ते वरवरचा कचरा खाते, खोल बिळे करीत नाही, आणि शेतकऱ्याने विकतचे गांडूळ आणण्याऐवजी जीवामृत व आच्छादन देऊन आपल्या मातीतील देशी गांडुळालाच जागे करावे. त्यांच्या सर्व विधानांशी शास्त्रज्ञ सहमत नाहीत. तथापि कचऱ्यात राहणारे गांडूळ आणि मातीत खोल उतरणारे गांडूळ हा भेद प्राणिशास्त्राला मान्य असलेलाच आहे, आणि त्यातून गळवाल्यापुरता निघणारा निष्कर्ष दोन्ही पक्षांना पटण्याजोगा आहे: खोल बिळे करणारे देशी गांडूळ शेतात राहू द्यावे, आणि गळासाठी वाफ्यातील कचराखाऊ गांडूळ वापरावे. मी स्वतः ह्याच मताचा आहे.

मात्र परदेशी जीव हाती घेतला की त्याची जबाबदारीही अंगावर येते. उत्तर अमेरिकेच्या ज्या भागावर गेल्या हिमयुगात बर्फाचे थर होते, तेथील अरण्यांत हजारो वर्षे गांडूळच नव्हते. युरोपीय वसाहतकारांबरोबर ती आली, आणि पुढे तळ्याकाठी मासे धरणाऱ्यांनी उरलेली आमिषे रानात फेकून त्यांचा प्रसार दूरवर केला. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात रात्रीच्या वेळी शेतांतून वेचलेली कोट्यवधी गांडुळे आजही शीतपेटीतून आमिष म्हणून रवाना होतात. मिनेसोटाच्या अरण्यात या पाहुण्यांनी जमिनीवरील पाचोळ्याचा जाड थर खाऊन टाकला, त्या थरात रुजणाऱ्या वनस्पती नाहीशा झाल्या, आणि शेतात उपकारक असलेला जीव अरण्यात अपकारक ठरला. मेळघाटची स्थिती तीच आहे असे नव्हे, कारण आपल्या रानात देशी गांडुळे आहेत. परंतु सागाच्या पाचोळ्यात परका जीव मोकळा सोडण्याचा प्रयोग करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता नीतीचा प्रश्न, आणि तो मी इतक्या उशिरा घेतला तो गौण म्हणून नव्हे. हा प्रदेश महानुभावांच्या ऋद्धपूरचा आणि जैनांच्या मुक्तागिरीचा आहे. देवासमोर कोंबडी-बकरी कापण्याविरुद्ध आयुष्यभर कीर्तनातून झगडलेल्या गाडगेबाबांचा जन्म अंजनगावजवळच्या शेंडगावचा, आणि १९५६ च्या डिसेंबरात त्यांनी देह ठेवला तो वलगावाशेजारी, पेढी नदीच्या काठावर. अशा भूमीत, गळावर ओवलेल्या जीवाला वेदना होते की नाही, हा प्रश्न हसण्यावारी नेता येणार नाही. गांडूळ कापले की त्याची दोन होतात, ही समजूत सर्वत्र आहे आणि ती मनाला सोयीची आहे. ती खोटी आहे. पुढचा भाग कधी कधी शेपूट पुन्हा वाढवतो, मागचा बहुधा मरतो. गांडुळाला घशावर दोन गोळ्यांचा लहानसा मेंदू आहे, आणि वेदना शमवणारी जी द्रव्ये माणसाच्या शरीरात तयार होतात त्यांच्या जातीची द्रव्ये त्याच्याही शरीरात सापडली आहेत. माशाविषयीचा पुरावा तर अधिक बळकट आहे: लिन स्नेडन या संशोधिकेने २००३ मध्ये ट्राउट माशांच्या ओठांत दाहक द्रव्य टोचले असता ते तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले आणि बराच काळ अन्नाला शिवेनात. एवढे समोर असताना संशयाचा फायदा त्या मुक्या जीवांनाच दिला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. ज्याच्या घरी त्या माशावर चूल पेटते, त्याला मी दोष देणार नाही. ज्याला केवळ मनोरंजन हवे आहे, त्याने कणीक आणि ढेप वापरावी; धरणातील रोहू-मृगळांना तीच अधिक भावते, हे वर सांगितलेच आहे. पकडून सोडून देण्याचा नेम ज्यांनी केला आहे, त्यांनी तर जिवंत आमिष मुळीच वापरू नये, कारण मासा गांडूळ घशापर्यंत गिळतो, गळ खोल रुततो, आणि सोडलेला मासा पुढे मरतो. गळ खोल गेलाच तर तो उपसून काढण्याऐवजी दोरी तोंडाजवळ कापून टाकणे कमी घातक.

ऋतूचीही एक अडचण आहे. मृगाच्या सरी पडल्या की गांडुळे वर येतात, आणि त्याच सुमारास गाभोळीने भरलेला मासा प्रवाहाविरुद्ध चढू लागतो. आमिष सर्वांत विपुल आणि मासा सर्वांत असहाय, हे दोन्ही योग एकाच महिन्यात जुळून येतात. मरळीचा नर तर या दिवसांत आपल्या तांबूस पिलांच्या थव्याची राखण करीत पृष्ठभागाजवळ घुटमळतो आणि समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो. त्याला गळाने उचलला की काही तासांतच तो सबंध थवा इतर माशांच्या पोटात जातो. आषाढात मरळीवर गळ टाकणे सर्वथा वर्ज्य मानले पाहिजे.

कायद्याचे म्हणावे तर १८९७ च्या मत्स्य कायद्याने सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे गुन्हा ठरवले, जाळी आणि बंधारे यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार सरकारला दिला. आमिषाविषयी त्यात अक्षर नाही. सुरुंगाच्या एका बाराने डोहातील पिल्लासकट सारा वंश संपतो, आणि गेळाच्या फळांसारख्या वनस्पतींनी पाणी गुंगीचे केले तरी लहान-मोठा भेद राहत नाही. त्यांच्या मानाने गळ हे सर्वांत संयमी साधन होय, ही गोष्ट टीका करणाऱ्यांनीही विसरू नये. धरणांवरील मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय खात्याकडून मुदतीच्या मक्त्याने मच्छिमार सहकारी संस्थांना दिलेला असतो. बीज त्यांनी सोडलेले असते. तेथे काठी घेऊन जाणाऱ्याने प्रथम संस्थेची परवानगी मागणे हे कायद्याला आणि सौजन्यालाही धरून आहे. १९७३-७४ पासून व्याघ्रप्रकल्प असलेल्या मेळघाटाच्या संरक्षित क्षेत्रातील सिपना-खापऱ्याच्या डोहांवर तर गळ टाकण्याची मुभा कोणालाच नाही, आणि ते योग्यच आहे.

उरलेल्या गांडुळांची व्यवस्था दिवस मावळण्यापूर्वी करावी. ती पाण्यात ओतू नयेत. काठावरच्या झुडपांतही फेकू नयेत. वाफ्यातून आणलेली असतील तर भांडे तसेच झाकून घरी न्यावे आणि गांडुळे त्याच वाफ्यात परत सोडावीत. कोठ्यामागून खणून आणलेली असतील तर त्याच कोपऱ्यात, वरची माती सैल करून, त्यावर तांब्याभर पाणी शिंपडून, मूठभर पाचोळ्याखाली ठेवावीत.